अर्ध्या बादलीचे मालक

“आंघोळीले किती पाणी लागते तुमाले?”

आयुष्यात लोकांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. त्यातले निम्मे तर त्यांनी विचारायचेच नव्हते. पण हा प्रश्न ज्या दुपारी कानावर आला, त्या दुपारी मी रडायच्या बेतात होते, आणि तो ऐकून मला हसू फुटलं.

यांची बदली अमरावतीहून अकोल्याला झाली होती. सरकारी कचेरीत कारकून, नोकरी पक्की, लग्नाला वर्ष झालेलं, आणि बौद्ध होऊन तीनेक वर्षं. अकोल्यात आम्ही सात घरं पाहिली. सातही ठिकाणी खोली रिकामी होती, ती आमच्याशी बोलणं होईपर्यंत. आधी गाव कोणतं, मग आडनाव काय, मग कोणाकडचे, आणि मग कपाळावर हात मारून, “अरे बापा, हे खोली तं कालच दिली ना!” यांचा बाणा असा की घरमालकानं विचारायच्या आत आपणच सांगून टाकायचं, आम्ही बौद्ध आहोत म्हणून. मी म्हणायची, अहो, निदान खोलीच्या आत पाय तरी टाकू द्या मला. यांना ते पटायचं नाही.

आठव्या घरी एक उंच, हाडकुळा म्हातारा अंगणाच्या कोपऱ्यात लिंबोणीपाशी उकिडवा बसून नाली हुंगत होता. होय, हुंगत होता. नाक थेट पाण्याजवळ नेऊन. यांनी नमस्कार केला आणि घसा साफ करून सुरुवात केली, “त्याचं असं आहे, आम्ही...”

“ते राहू द्या,” म्हातारा म्हणाला, आणि माझ्याकडे वळून त्यानं तो प्रश्न विचारला.

“एकेकाले एक बादली,” मी म्हटलं.

“अर्धी करा. खोली तुमची.”

“पण आम्ही कोण ते तरी...” हे म्हणाले.

“अर्धीत होते का नाई तेवढं सांगा.”

“होते,” मी यांच्या आधी बोलून मोकळी झाले. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घरच विकून खाल्लं. पण रात्री डोक्यावर कवेलूंचं छप्पर होतं, आणि ते आमच्या भाड्याचं होतं.

मालकांचं नाव मी सांगणार नाही. सगळा मोहल्ला त्यांना ‘मालक’ म्हणायचा आणि पाठीमागं ‘नालीवाले मालक’ म्हणायचा. लहान लाइनीच्या स्टेशनावर इंजिनात पाणी भरायची टाकी असते ना, तिच्यावर त्यांनी उभी हयात नोकरी केली होती. त्या नोकरीनं त्यांचं डोकं फिरलं असं लोक म्हणायचे. ते स्वतः म्हणायचे की डोकं ठिकाणावर आलं. “एक इंजन प्यालं का अर्ध्या गावाची आंघोळ गेली समजा,” ते सांगायचे. “अन् थे मेलं काय करे? शिट्टी मारे, अन् सगळं पाणी हवेत सोडून दे. मी रोज पाहो. तीस वर्सं पाहो.”

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की आपल्या घरातून काहीही असं शिट्टी मारून जाऊ द्यायचं नाही. अंगणाच्या एका बाजूला त्यांची खोली, समोर दोन बिऱ्हाडं, रस्त्याकडच्या कोपऱ्यात नळ आणि मागच्या कोपऱ्यात लिंबोणी. दोन्ही बिऱ्हाडांच्या न्हाणीतून एकेक नाली निघायची, वाटेत एकत्र व्हायची, आणि तिचं पाणी लिंबोणीच्या आळ्यात. भांडी राखेनं घासायची, डोकं शिकेकाईनं धुवायचं, कपडे रिठ्यानं. साबण आणि सोडा बंद. एकदा बाजारातून मी वासाच्या साबणाची वडी आणली, लपवून हो, ट्रंकेत साड्यांच्या खाली. सकाळी सहा वाजता अंगणातून आवाज आला, “आज कोन लावला साबन?” मी दाराआड उभी राहून जीभ चावली. ती वडी पुढं दोन वर्षं ट्रंकेतच राहिली आणि साड्यांना छान वास द्यायची.

तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी भिजवायची. वाळ्याची ताटी दारावर होती, तिच्यावर शिंपडायचं ते पायावर घेतलेलं पाणी. उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या ठोक्याला मालक हातात काठी घेऊन फिरायचे आणि आमच्या खिडक्या बाहेरून ठोकायचे. “लावा! ऊन आत येऊन राहिलं!” संध्याकाळी पुन्हा काठी, “उघडा! वारा बाहेर थांबून आहे!” कवेलूंवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पसरलेल्या, त्याच पऱ्हाट्या पावसाळ्याआधी उतरवून चुलीत. स्वयंपाकघराच्या छपरात एका कवेलूच्या जागी त्यांनी काचेचा तुकडा बसवला होता, दिवसा कंदील लागू नये म्हणून. अकोल्याचा वैशाख तुम्ही पाहिला नसेल तर सांगून उपयोग नाही. पण त्या वैशाखात आमच्या खोलीत येऊन बसायला यांच्या कचेरीतले लोक काहीतरी कारण काढायचे.

कोणतीही वस्तू कोणीही टाकायला निघालं की मालकांचा एकच सवाल असायचा, “कुठं चाललं हे?” संत्र्याची साल, फुटका माठ, कंगव्यात गुंतलेले केस, सगळ्यांना तो सवाल. आणि तो आपल्याला नसायचा, त्या सालीला असायचा. पळून चाललेल्या पोराला हटकावं तसे ते सालीला हटकायचे. साल वाळवून संध्याकाळी डासांसाठी जाळली जायची. शेजारच्या लग्नात सगळे नवरा-नवरीवर अक्षता टाकत होते तेव्हा हे गृहस्थ पोतं घेऊन पंगतीमागं उभे, उष्ट्या पत्रावळी खड्ड्यात पुरायला हव्यात म्हणून. नवरीच्या बापानं त्यांना जेवायला बसवलं, तर म्हणाले, “जेवतो ना, पन पयले पत्रावळी दाखवा.”

एकदा कचेरीतून एक साहेब खतखड्ड्याचा प्रचार करायला आले. बाजेवर बसून त्यांनी तासभर समजावून सांगितलं की घरातला कचरा म्हणजे सोनं आहे. मालकांनी मान हलवत ऐकून घेतलं. शेवटी साहेबांनी छापील पत्रकांचा गठ्ठा दिला, मोहल्ल्यात वाटायला. आठ दिवसांनी त्या पत्रकांचा मेथ्या घालून लगदा झाला, आणि लगद्याची एक सुरेख टोपली माझ्या घरी आली. तळाला अजून ‘सोनं’ एवढं वाचता यायचं. ती टोपली पुढं वीस वर्षं कांद्यांना वापरली.

लुगड्याचे त्यांनी सहा जन्म ठरवले होते. आधी लुगडं, मग पोरींचे परकर, मग गोधडी, मग पायपुसणं, मग पोतेरं, आणि शेवटी चुलीत जाऊन भांडी घासायची राख. ह्यात दयामाया नव्हती. फक्त त्यांच्या बायकोचं एक हिरवं लुगडं होतं. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. ते लुगडं तिसऱ्या जन्मात, गोधडीपर्यंत येऊन थांबलं होतं. पार विरलं होतं, पण चौथ्या जन्मात ते त्याला जाऊ देत नव्हते. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, “मालक, ह्याचं पायपुसणं कधी?” तर त्यांनी गोधडीची घडी घातली आणि आत नेऊन ठेवली. मला फार वाईट वाटलं, आणि त्यानंतर मी त्या गोधडीची चेष्टा केली नाही.

आता माझी नात फोनमध्ये बघून मला वाचून दाखवते, घर पर्यावरणाला पूरक करण्याचे सोपे उपाय. वापरलेलं पाणी झाडांना घाला. जुने कपडे पुन्हा वापरा. दिवसाचा उजेड घरात घ्या. मी म्हणते, बाई, सोपे काय म्हणून म्हणतात ग? अर्ध्या बादलीत डोक्यावरून आंघोळ करून दाखव आधी. आणि वापरलेलं पाणी झाडाला घालणं किती अवघड असतं, ते त्या लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार.

दुसऱ्या बिऱ्हाडात एक बाई होती, दर्यापूरकडची. आपल्याकडे बाईला माहेरच्या गावानंच ओळखतात, तशी ती ‘दर्यापूरवाली’. नवरा कापसाच्या जिनात कामाला, पाच वर्षांची एक मुलगी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. पहिले तीन-चार महिने आमचं इतकं सूत जमलं होतं की काय सांगू. तिनं मला पाटवड्या शिकवल्या, मी तिच्या मुलीचे फ्रॉक शिवले. मला दिवस गेल्याचं यांच्या आधी तिला कळलं. दर रविवारी मालक दोन्ही दारांत मोजून सारखी लिंबं ठेवायचे, आणि आम्ही दोघी एकत्र बसून लोणचं घालायचो. तिनं एकदा विचारलं होतं, तुमी कोन्ते? मी मोर्शीकडचं गाव सांगितलं आणि विषय संत्र्यांवर नेला. नेला, खोटं कशाला बोलू. सात घरं फिरल्यावर माणूस हे शिकतो.

आमच्याकडची बुद्धाची तसबीर प्रवासात फुटली होती. फाल्गुनात यांनी तिला नवी काच बसवून आणली आणि समोरच्या भिंतीवर लावली. दुपारी दर्यापूरवाली मीठ मागायला आली. तसबिरीकडे पाहिलं. मी भरून दिलेली मिठाची वाटी तिच्या हातात होती, ती तिनं हळूच उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेली. मीठ तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मालकांपुढे उभी. मी दाराआड होते, सगळं ऐकत होते.

“मालक, त्याईच्या आंघोळीचं पानी झाडाले जाऊ देऊ नका.”

“काहून? साबन लावते का ते?”

“साबन नाई.”

“मंग सोडा?”

“सोडाबी नाई.”

“मंग?”

तिला ते तोंडानं म्हणवेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, “ते बौद्ध हायेत. म्हंजे पयले कोन होते ते तुमाले समजते.”

मालक उठले. नालीपाशी जाऊन उकिडवे बसले. नाक खाली नेलं आणि पुष्कळ वेळ हुंगलं. “वास तं काई नाई येऊन राहिला,” म्हणाले, आणि परत बाजेवर येऊन बसले.

या एका हुंगण्यावरून आमच्या घरात चाळीस वर्षं वाद चालला. हे म्हणायचे, म्हातारा पक्का होता, सगळं समजून त्यानं तिची जिरवली. मी म्हणायची, छे हो, त्याच्या डोक्यात पाण्याशिवाय काही शिरतच नव्हतं, त्यानं खरोखर वास घेऊन पाहिला.

त्या रविवारी तिच्या दारातली लिंबं तिनं उचलली नाहीत. वाळून ती सुपारीएवढी झाली. नळाचं काय? नळाला कायदा होता, त्यावर मला कोणी अडवू शकत नव्हतं. लिंबोणीला नव्हता. पण मी नळावरून पाणी भरून गेले की ती यायची, एक अख्खी बादली भरायची, आणि नळ, त्याची तोटी, खालचा दगड, सगळं धुवून काढायची. मगच दुसरी बादली प्यायला. माझ्यासमोर, बरं का. आंधळी असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. कालपर्यंत जिनं माझ्या डोक्याला तेल घातलं होतं तिचेच ते हात. आणि नळाचा उतार रस्त्याकडं होता, म्हणून ते धुतलेलं पाणी लिंबोणीला न जाता थेट गटारात जायचं.

चैत्र लागला, नळ तासभरच येऊ लागला, आणि तिचा नवरा मालकांकडे गेला. “एक तं ते राहतीन, नाई तं आमी,” म्हणाला. मला सातवा महिना होता.

मालकांनी विचार केला. “पानी कमी येऊन राहिलं,” म्हणाले. “एक बिऱ्हाड तसंबी जड होते. ज्याचं पानी जास्त, थ्यानं जा. आठ रोज मोजतो.”

हे कानावर पडलं तेव्हा मला काय झालं ते सांगता येत नाही. हा आमच्या माणूसपणाचा प्रश्न, आणि म्हाताऱ्यानं तो बादलीत नेऊन बुडवला! हे तर उठून उभे राहिले. “मी माणूस आहे का बादली? उद्याच सोडू हे घर.”

“अन् जायचं कुठं?” मी म्हटलं. “सात घरं पाहिली तेव्हा मला पोट नव्हतं. आता मी दारोदार फिरणार नाही. मोजू द्या त्याले.”

तरी राहवेना म्हणून मी मालकांकडे गेलेच. “मालक, माह्यं पानी जास्त निघालं तं?”

“तं तुमी जा.”

“असं? सातव्या महिन्यात?”

“पानी महिने पायत नाई, बाई.”

मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या आईनंही कधी ऐकल्या नसतील.

मोजणीचे नियम मालकांनी अंगणात उभं राहून सांगितले. लहान मूल म्हणजे अर्धा माणूस. त्यांच्याकडे अडीच माणसं. आमच्याकडे दोन.

“अन् पोटातलं अर्धं,” मालक म्हणाले. “दोन्हीकडं अडीच. बरोबरीचं झालं.”

“पोटातलं कुठं आंघोळ करते?” दर्यापूरवाली फणकारली.

“त्याची माय करते ना.”

मालक नळासमोरच्या आपल्या भिंतीपाशी कोळसा घेऊन बसायचे. बादली भरली की भिंतीवर रेघ. रेघांवर तागाचं पोतं टांगलेलं, म्हणजे कोणाला दिसू नये. दिसलं की लोक मुद्दाम पाणी वाचवतात आणि ते खरं नसतं, असं त्यांचं म्हणणं. यांनी कचेरीतल्या नळावर आंघोळ करायचा घाट घातला, तर मालक म्हणाले, “बाहेरची आंघोळ धरल्या जाईन.” मी ओला पंचा अंगावरून फिरवून आंघोळ म्हणायची. वरणाचं भांडं इतकं पुसून घ्यायची की त्याला धुवायला काही उरायचं नाही. प्यायचं पाणीही मी कमी केलं. तिसऱ्या दिवशी मला अंगणातच चक्कर आली आणि मी खांब धरून खाली बसले.

संध्याकाळी मालकांनी स्वतःचा माठ उचलून आमच्या दारात आणून ठेवला. “प्याच्या पान्याले रेघ नाई,” म्हणाले. “पयले सांगा लागत होतं मले. प्या.” मी दोन तांबे एका दमात प्याले. राग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

आणि दर्यापूरवाली? तिचं नळ धुणं चालूच होतं. उलट वाढलं. उष्ण दिवस, माझा वावर जास्त, तर नळ दोन वेळा. मी भोवळ येऊन जो खांब धरला होता तोही तिनं धुतला. माझ्या साडीचा पदर वाऱ्यानं तिच्या लुगड्याला लागला म्हणून वाळलेलं लुगडं पुन्हा भिजवलं. मालक भिंतीपाशी बसून होते. कोळसा तेवढा चालत होता.

नवव्या दिवशी सकाळी अंगणात आम्ही पाच मोठी माणसं आणि तिची मुलगी. मालकांनी पोतं काढलं. डावीकडे आमच्या रेघा, सगळ्या उभ्या, चव्वेचाळीस. उजवीकडे तिच्या. एकेचाळीस उभ्या, आणि त्यांच्या खाली कितीतरी रेघा आडव्या काढलेल्या.

 एकेचाळीस म्हणजे आमच्याहून तीन कमी. संसारात ती माझ्याहून काटकसरी होती, मला ते माहीत होतं, तिनंच तर मला शिकवलं होतं. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते कधी चारचौघांत असा हात ठेवत नसत.

“ह्या आडव्या कायच्या?” तिच्या नवऱ्यानं विचारलं.

“ह्या बाईच्या मांगून धुतल्याच्या,” मालकांनी माझ्याकडे बोट केलं. “नळ, दगड, खांब. अन् एकडाव दोरीवरचं लुगडं. सत्तावीस.”

 मग दर्यापूरवालीच म्हणाली, “ते वापरनं नव्हे मालक. ते धर्माचं हाये.”

“धर्माचं असन. नळातूनच आलं ना?”

“पन...”

“अडुसष्ट,” मालक म्हणाले. “तुमाले जा लागते.”

तिचा चेहरा मी पाहिला. इतके दिवस माझा असायचा तसा झाला होता. सात घरं फिरून आल्यावरचा. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, का नाही होणार? पण तिची मुलगी तिच्या पायाला बिलगली, आणि माझा आनंद तिथंच कुठंतरी अडकला. मी काही तिची बाजू घेतली नाही. घ्यायची नव्हतीच मला. ह्या बाईनं माझा तिटकारा केला नसता तर नियमानं मी घराबाहेर होते, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. तिच्या विटाळानं माझं छप्पर वाचवलं होतं.

मालकांनी कोळसा खिशात टाकला आणि पुन्हा बाहेर काढला. “का मंग,” ते भिंतीकडे बघत म्हणाले, “आडव्या बंद करा. आडव्या बंद झाल्या तं मले कोनाले काढाची गरज नाई. पानी पुरते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. मी माझी बादली भरली आणि बाजूला झाले. हे दारात दात घासत उभे होते, घासायचं विसरून. मालक भिंतीपाशी, हातात कोळसा. दर्यापूरवाली दोन बादल्या घेऊन आली. नळाकडे पाहिलं. तोटीवर माझ्या हाताचं ओलं होतं, ते दिसत होतं. ती थांबली. पाणी दगडावर पडत होतं, वाया जात होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याबद्दल मालक ओरडले नाहीत. मग तिनं ओठ घट्ट दाबले आणि बादली सरळ धारेखाली ठेवली. ती भरली. प्यायच्या घागरीत ओतली. मालकांनी एक उभी रेघ काढली आणि आत निघून गेले.

कोणी असं समजू नये की ती बदलली. तिनं नळ धुणं सोडलं ते घरासाठी, माझ्यासाठी नव्हे. माझ्याशी ती पुढं चार महिने बोलली नाही. ज्येष्ठात मला मुलगी झाली त्या रात्रीनंतर मात्र आमच्या दारात गरम पाण्याची एक बादली रोज सकाळी येऊ लागली. तिच्या चुलीवरची. तेव्हाही ती बोलली नाही, मीही नाही.

वर्षभरात यांची बदली परत अमरावतीला झाली. सहा वर्षांनी एका लग्नाला अकोल्याला गेलो, तेव्हा मुलीला घेऊन जुन्या घरी डोकावलो. लिंबोणी छपरावर गेली होती. मालकांची दृष्टी गेली होती, बाजेवर पडून होते, पायांवर ती हिरवी गोधडी. अजून तिसऱ्याच जन्मात. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. “अर्धीतच करता ना आंघोळ?” मी हो म्हटलं. खोटं बोलले.

दिवाळीला भिंतींना चुना दिला होता. सगळ्या पांढऱ्याशुभ्र, फक्त नळासमोरचा दोन हात चौकोन तसाच मळका. त्याच्यावर कोळशाच्या रेघा, उभ्या आणि आडव्या.

“मालक, एवढी जागा काहून सोडली?” मी विचारलं.

“चुना कायले वाया घालवू? कोयसा त्याच्यातूनबी वर येतेच.”

यांनी मला कोपरानं ढोसलं. म्हणजे बघ, मुद्दाम ठेवलंय. मी मान हलवली. म्हणजे चुना वाचवलाय. वाद तिथंही मिटला नाही.

माझी मुलगी भिंतीपाशी गेली आणि बोटानं रेघा चाचपत म्हणाली, “आई, ह्या झोपलेल्या रेघा कायच्या?”

मी तिचं काळं झालेलं बोट पदरानं पुसत राहिले. सात वर्षांच्या पोरीला काय सांगू? तिच्या मागून कोण कोण काय धुणार आहे, ते आजच सांगू? दर्यापूरवाली तिच्या उंबऱ्यावर भाजी निवडत बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं मान वर केली नाही.

“माह्या हायेत त्या,” ती म्हणाली.

एवढंच. माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर मला काय करावं ते कळलं नसतं. माझे डोळे मात्र भरून आले, ते मी लपवले नाहीत.

“सत्तावीस,” बाजेवरून मालक म्हणाले. दिसत नव्हतं तरी आकडा तोंडपाठ होता. आवाजात इतकं दुःख की कोणाला वाटावं घरातलं माणूस गेलं. “सत्तावीस बादल्या, सगळ्या रस्त्यावर गेल्या. झाडाले गेल्या असत्या तं...”

“पुरे ना आता, मालक!” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.